व्यंकटरावांनी न काढलेली ओळ

सिडको एन-सातमधल्या धारूरकरांच्या घरातून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एकही वस्तू बाहेर गेलेली नाही. माळ्यावर बंद पडलेले तीन रेडिओ आहेत, जळालेल्या पंख्याच्या मोटारी आहेत, वायरींची वेटोळी आहेत आणि बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात नुसते स्क्रू आहेत. भंगारवाला गल्लीत आला की व्यंकटराव दारात जाऊन उभे राहतात, ते काही द्यायला नव्हे, तर यमुनाबाई काही देत नाहीत ना ते बघायला. त्यांचं ठरलेलं उत्तर एकच, "राहू दे, लागतं कधीतरी."

अशा माणसानं पासष्टीनंतर छंद कोणता लावून घ्यावा? तर टाकून द्यायचा.

कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली आहे. जगभरातले लोक मिळून ती लिहितात आणि ज्याला हवी त्याला फुकट वापरू देतात. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात इतक्या ओळी साचल्या आहेत की त्या सगळ्या वाचलेला माणूस पृथ्वीवर नसेल. त्यातल्या जुन्या, कुणाच्या उपयोगाच्या न राहिलेल्या ओळी शोधायच्या आणि 'ह्या काढून टाका' असं रीतसर ईमेलनं कळवायचं, हा व्यंकटरावांचा छंद. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा आपल्याच घरचा.

"घरातला खिळा सुटत नाही ह्यांच्या हातून," यमुनाबाई आल्यागेल्याला सांगतात, "आणि तिकडं परक्याच्या घरातलं सामान काढायलेत."

व्यंकटराव काही इंजिनियर नव्हेत. आयटीआय करून ते पैठण रोडवर चितेगावच्या एका कारखान्यात लागले आणि कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे एकोणतीस वर्षं, एकाच टेबलावर बसले. तिथं यंत्रांसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनत. बनलेलं प्रत्येक कार्ड चाचणीसाठी व्यंकटरावांच्या टेबलावर येई. ते पसंत पडलं की त्याच्या पाठीवर शिक्का बसे, गोल, निळा, मधे सात आकडा. प्रत्येक तपासणाऱ्याला नंबर होता आणि व्यंकटरावांचा नंबर सात. हजारो कार्डं त्यांच्या हाताखालून गेली, पार परदेशी पोचली. नकाशावर साहेबांचं नाव असे, खोक्यावर मालकाचं, आणि व्यंकटरावांचा सात. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण ते सलत होतं. माणसाला सलतंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, वैदेहीनं, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. ती पुण्याला नोकरी करत होती, आता इथूनच करते. सहज बोलता बोलता तिनं ह्या कर्नलबद्दल सांगितलं आणि शोधून दाखवलं, "बाबा, तुमच्या कारखान्याच्या कार्डाची फाइल अजून आहे बघा ह्याच्यात." ते कार्ड कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या त्या फाइलीच्या माथ्यावर नाव होतं शंतनू साहेबांचं. हे कारखान्याचे तरुण इंजिनियर. त्यांनीच ती लिहून पाठवली होती, पुढं परदेशी गेले आणि तिथंच वारले. व्यंकटरावांनी चष्मा पुसून ते नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आणि ह्यात कुणीही सुधारणा सुचवू शकतं?"

"कुणीही. पटली तर घेतात. आणि घेतली की ज्यानं केली त्याचं नाव कायमचं राहतं, खोडता येत नाही."

झालं. त्या दिवसापासून म्हातारा कामाला लागला.

सुरुवातीची पत्रं परत आली, त्याची कहाणी वैदेही अजूनही हसत सांगते. व्यंकटरावांनी पहिलं पत्र लिहिलं ते रजेच्या अर्जासारखं, आदरणीय महोदय, विनंतीपूर्वक कळवतो की. उत्तर आलं, नमस्कार कमी करा, कारण लिहा. दुसऱ्या पत्रात ओळींच्या आधी सोडायच्या मोकळ्या जागा चुकल्या. तिसऱ्यात विषय लांबला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते पुन्हा लॅपटॉपपुढं.

वाचायची पद्धतही त्यांची स्वतःची. पडद्यावर त्यांना काही दिसत नाही म्हणे. ते पेनड्राइव्ह घेऊन टीव्ही सेंटरजवळच्या सांडूच्या झेरॉक्स दुकानात जात, फाइल छापून आणत आणि लाकडी फूटपट्टी एकेका ओळीखाली धरून तांबड्या पेन्सिलीनं वाचत. कारखान्यात नकाशे असेच वाचायचे. सांडूनं एकदा विचारलं, "काका, कादंबरी लिहायलात काय?" व्यंकटराव म्हणाले, "दुसऱ्यानं लिहिलेली कमी करायलोय."

आता हे कमी करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. कार्डाच्या आत छोटे छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात आकडा लिहिला की मोटार फिरते, दुसरा कप्पा वाचला की किती फेरे झाले ते कळतं. शंतनू साहेबांच्या फाइलीत अशा चौसष्ट कप्प्यांची नावं ओळीनं लिहिलेली होती. व्यंकटरावांनी एकेक नाव पुढं कुठं वापरलंय का ते शोधलं, आणि एकतीस नावं अशी निघाली की त्यांना पुढं कुणी हाकच मारलेली नाही. तांबडी रेघ. आणि एक ओळ भेटली ती निराळी. ती फेऱ्यांचा कप्पा वाचत होती, पण वाचलेला आकडा कुठंच वापरत नव्हती. वाचायचा आणि सोडून द्यायचा. कॉम्प्युटरसुद्धा त्या ओळीवर कुरकुरत होता की हे कशाला वाचलं. व्यंकटरावांना हसू आलं. साहेब लोक, घाईत काहीतरी लिहून ठेवतात. तांबडी रेघ.

एकतीस नावं आणि ती एक ओळ, असं सगळं काढून टाकणारं पत्र त्यांनी पाठवलं. ह्या वेळी मोकळ्या जागा बरोबर होत्या, विषय आखूड होता, आणि तळाशी रीतीप्रमाणे पूर्ण नाव होतं, व्यंकटराव धारूरकर.

मंगळवारी उत्तर आलं. त्या विभागाची देखरेख करणाऱ्या, कुठल्याशा थंड देशातल्या एक बाई आहेत, त्यांचं. नावं काढायला हरकत नाही. पण ती ओळ वाचून सोडते, त्यानं कार्डाच्या आत काही घडत नाही ना? तुमच्याकडं ते कार्ड आहे का? त्यावर चालवून पाहिलंत का? ह्या खेपेचे बदल रविवारी बंद होतात, त्याआधी कळवा म्हणजे घेऊन टाकते.

घेऊन टाकते. व्यंकटरावांनी ते वाक्य यमुनाबाईंना मराठीत करून दोनदा ऐकवलं.

पण कार्ड कुठून आणायचं? कारखाना बंद पडला तेव्हा मालकाच्या हुकमावरून उरलेली सगळी कार्डं व्यंकटरावांनी स्वतः हातोडीनं फोडली होती. घरातलं काही न टाकणाऱ्या माणसाला ते काम मिळालं होतं, आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते. तेव्हा कारखान्यातलं शिल्लक एकही नाही याची त्यांना खात्री होती, आणि विकलेली इतक्या वर्षांत भंगारात गेली असणार. नुसतं 'हो, चालवून पाहिलं' लिहिलं तर पकडणारं कोण? कुणाच्या यंत्रात ते कार्डच नाही, मग बिघडणार कुणाचं? त्यांनी तेवढे शब्द लिहिलेसुद्धा. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि तिथंच थांबले. एकोणतीस वर्षांत चाचणी न करता शिक्का मारला नव्हता. आता सात नंबरच्या जागी नाव आलं म्हणून सवय बदलायची? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लिहिलेलं खोडलं आणि लॅपटॉप मिटला.

बुधवारी ते चितेगावला गेले. कारखान्याच्या जागी आता पशुखाद्याचं गोदाम आहे, पण फाटकावर राखणदार तोच, कारभारी नावाचा, मिशा तेवढ्या पांढऱ्या झालेल्या.

"सायेब, लई दिसांनी?" त्यानं खुर्ची पुसली.

व्यंकटरावांनी कार्डाचं विचारलं. कारभारी हसला. "तुमीच तर फोडली की सगळी. मी पोती भरली."

"विकलेल्यांपैकी एखादं कुठं चालू असेल का रे?"

कारभारी विचारात पडला. "वाळूजचा त्यो स्प्रिंगवाला नव्हता का? हैदर. त्याच्याकडं तुमी तीन दिस मुक्काम ठोकला व्हता, मी डबा घेऊन जायचो तुमचा. त्याचं मशीन अजून हाय म्हणत्यात. जुनं मानूस, इकत नाय काय."

हैदरभाईंचं नाव आठवलं, तीन दिवसही अंधुक आठवले, पण कशासाठी ते काही व्यंकटरावांना आठवेना. अशा किती गिऱ्हाइकांकडं ते जाऊन बसले होते. त्यांनी नंबर मिळवून फोन केला. मशीन होतं. कार्डही होतं. कॉम्प्युटर मात्र नवा होता, भाच्यानं, साकिबनं, बसवून दिलेला, आणि त्यावर तीच फुकटची प्रणाली. म्हणजे शंतनू साहेबांची ती फाइल जगात निदान एका ठिकाणी रोज चालत होती, आणि व्यंकटराव तिला तांबड्या रेघा मारत बसले होते.

शुक्रवारी हैदरभाई अर्धाच दिवस शटर उघडतात, म्हणून शनिवार ठरला. वैदेहीनं व्यंकटरावांच्या बदलांसकट कर्नल तयार करून पेनड्राइव्हवर दिला आणि बजावलं, "काही झालं तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करा, जुनं जसंच्या तसं येईल." व्यंकटराव दोन बस बदलून वाळूजला पोचले.

"अरे धारूरकर साहेब, आओ आओ," हैदरभाई पुढं आले. साठीचे, बुटके, हातांना तेलाचा कायमचा काळा रंग. घर बजाजनगरात, दुकान पलीकडच्या गल्लीत. "मला वाटलं विसरले तुम्ही. चाय घ्या आधी."

मशीन कोपऱ्यात होतं. तार घ्यायची, गुंडाळायची, कापायची. फेरे मोजायचं काम कार्डाचं. ही स्प्रिंग दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसते आणि तिला चौदा फेरे लागतात, ना तेरा ना पंधरा. व्यंकटरावांनी आधी जुन्या कर्नलवर दहा स्प्रिंगा काढायला लावल्या. दहाही चौदाच्या. मग पेनड्राइव्ह लावला आणि पुन्हा दहा. मशीन अडखळलं नाही, कॉम्प्युटर कुरकुरला नाही. व्यंकटरावांचा जीव भांड्यात पडला. खिशातून तांबडी पेन्सिल निघालीसुद्धा.

हैदरभाईंनी ट्रेमधली पहिली स्प्रिंग उचलली, अंगठ्याखाली फिरवली आणि म्हणाले, "साहेब, ही बाराची आहे."

"नसेल."

"तुम्हीच मोजा."

व्यंकटरावांनी चष्मा वर सरकवून मोजले. बारा. बाकी नऊ बरोबर. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पहिली अकरा, पुढच्या चौदा. तिसऱ्यांदा बारा. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा पहिली स्प्रिंग आखूड निघाली. पेनड्राइव्ह काढला, तर पहिलीपासून चौदा. व्यंकटराव स्टुलावर बसले. ओळ निरुपयोगी नव्हती हे तर उघडच होतं, पण नुसतं वाचून सोडून दिल्यानं काय होत असेल ते त्यांना उमगेना.

"आता मला कळेना झालंय, तुम्ही असं का करायलात," हैदरभाई म्हणाले. "हे तर तुम्हीच पकडलं होतं ना?"

"मी?"

"हौ साहेब. नवीन कार्ड बसवलं तेव्हा. रोज सकाळी पहिली स्प्रिंग आखूड. तीन दिवस तुम्ही इथं ह्याच स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवशी उठले आणि माझ्या फोनवरून तुमच्या शंतनू साहेबांना बोलले. ते ऐकायला तयार नव्हते. तुम्ही म्हणाले, साहेब, रिक्षात बसल्यावर आधी मीटर पाडतात ना, तसं करा. नाहीतर मागच्या पॅसेंजरचं भाडं पुढच्याला पडतं. मी लई हसलो होतो. म्हटलं आपल्या गावात मीटर पाडतं कोण?"

आणि मग व्यंकटरावांना सगळं आठवलं. वीज चालू झाली की मोटार थोडी हिसका खाते. ते दोन-तीन फेरे कप्प्यात जमा होतात आणि पहिल्या स्प्रिंगच्या हिशेबात धरले जातात. कप्पा मात्र असा बनवलेला, की वाचला की आपोआप रिकामा होतो. म्हणून सुरुवातीला एकदा वाचायचा आणि आकडा सोडून द्यायचा. फोनवरून सांगितलेली तीच गोष्ट शंतनू साहेबांनी एका ओळीत लिहिली, आणि का लिहिली ते कुठं लिहिलं नाही. वीस वर्षं ती ओळ जगभर फिरली. साऱ्या आयुष्यात कुठं आपली खूण असेल तर ती एवढीच होती, आणि ती पुसायला त्यांनी तीन वर्षं मेहनत घेतली होती. त्यांचे डोळे भरून आले. हैदरभाईंनी न विचारता दुसरा चहा पुढं केला.

"ब्रेकची स्प्रिंग आहे, साहेब," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मी रोज पहिली बघत नाही आता. इतकी वर्षं बरोबर येते, कोण बघणार?"

हे ऐकून मात्र व्यंकटरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मंगळवारी ते बटण दाबलं असतं तर आज ना उद्या तो बदल साकिबच्या हातून ह्या मशीनवर येणारच होता. मग कधीतरी, कुठल्यातरी रस्त्यावर, कुणाच्या तरी गाडीत एक आखूड स्प्रिंग असती.

रविवारी सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. वैदेही शेजारी बसली होती, पण तिची मदत घेतली नाही. माझा बदल घेऊ नका, त्यांनी लिहिलं. मी चुकलो. हे कार्ड एका ठिकाणी अजून चालू आहे, मी त्यावर चालवून पाहिलं आणि पहिली स्प्रिंग बिघडली. ती ओळ लागते.

पाठवलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदाच 'घेऊन टाकते' म्हणालं होतं कुणी, आणि त्यांनी ते स्वतःच परत केलं होतं. यमुनाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मूठभर दाणे व्यंकटरावांच्या हातावर ठेवले.

उत्तर तासाभरात आलं. मी ह्या कामात आले तेव्हापासून ती ओळ मलाही खटकत होती, बाईंनी लिहिलं होतं. दोनदा काढणार होते, विचारायला कुणी सापडलं नाही म्हणून राहिली. नावं काढायचा बदल पुढच्या खेपेला पाठवा. आज त्या ओळीवर चार शब्द लिहून द्या, ती कशासाठी आहे ते. तेवढं लगेच घेते. आणि तळाशी रीतीप्रमाणे लिहा, चाचणी कुणी केली आणि हे मुळात कुणाच्या लक्षात आलं.

व्यंकटरावांनी फूटपट्टी बाजूला ठेवली आणि लिहिलं. हा कप्पा वाचला की रिकामा होतो. सुरू करताना एकदा वाचून सोडणं गरजेचं आहे, नाहीतर पहिल्या मोजणीत आधीचे फेरे येतात. काढू नये. मग तळाशी आले. चाचणी, हैदर पठाण, वाळूज. लक्षात आणून दिलं, इथं ते थांबले आणि शंतनू साहेबांचं नाव लिहायला लागले.

"हे काय करायलात?" यमुनाबाई पाठीमागं कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

"फाइल त्यांची आहे. बरं दिसत नाही."

"फाइल त्यांची, पण तीन दिवस स्टुलावर कोण बसलं होतं? का तिथंही सातच लिहिणार आहात?"

व्यंकटरावांनी नाव खोडलं आणि आपलं लिहिलं. चारच ओळी घातल्या गेल्या, काढलेली एकही नाही.

सोमवारी तो बदल त्यांनी सांडूकडून कागदावर छापून आणला, दोन प्रती. एक माळ्यावर गेली, आखूड निघालेल्या पाच स्प्रिंगांसोबत. दुसरी घेऊन ते वाळूजला गेले. हैदरभाईंनी हात पुसले, कागद उजेडात धरला आणि इंग्रजी अक्षरं लावत लावत आपलं नाव वाचलं. मग मशीनच्या मागं भिंतीवर, जिथं तेल उडत नाही तिथं, तो चिकटवला.

"साहेब, हे कायमचं आहे म्हणता. पण उद्या तुमच्यासारखा कुणीतरी येऊन ती ओळ काढून टाकेल, त्याचं काय?"

"काढेल की," व्यंकटराव म्हणाले. "पण आता आधी तुम्हाला फोन येईल."